टॅरिफचा पैसा जातो कोणाच्या खिशातून? एका फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या त्या फॉरवर्डचा मथितार्थ असा: ट्रम्प यांनी टॅरिफ, म्हणजे आयात मालावरचं शुल्क, लावून परदेशांकडून अब्जावधी डॉलर वसूल केले, कारखाने परत आणले, चीनला नमवलं, आणि अमेरिकेतल्या सामान्य घराला याची झळसुद्धा लागली नाही. शेवटी सल्ला, की भारतानेही हेच करावं. शिकलेली माणसं हे पुढे ढकलत आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

‘परदेशी देश पैसे भरतात’ हे साफ चूक आहे. माल अमेरिकेच्या बंदरात उतरला की शुल्क भरतो तो तिथला आयातदार, आणि तो ते अमेरिकेच्याच कस्टम्सकडे भरतो. मुंबईत २०१७ पर्यंत जकात होती. नाक्यावर पावती व्यापाऱ्याच्या नावाने फाटायची, पण ती रक्कम भावात चढून गिऱ्हाइकाकडून वसूल व्हायची. इथेही तेच. सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात अमेरिकी तिजोरीत सीमाशुल्काचे सुमारे १९५ अब्ज डॉलर आले, हे खरं. पण ते भरले तिथल्याच आयातदारांनी. मे २०२५ मध्ये वॉलमार्ट या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीने भाव वाढतील असं सांगितलं, तेव्हा ट्रम्प यांनीच जाहीरपणे बजावलं, की हे टॅरिफ कंपनीने स्वतः सोसावं, गिऱ्हाइकावर टाकू नये. पैसे चीन भरत असता तर वॉलमार्टने सोसायचं काय होतं?

काही परदेशी विक्रेत्यांनी भाव थोडे उतरवले असतील, हे मान्य. आपल्या निर्यातदारांचं नुकसान झालं, हेही मान्य. ऑगस्ट २०२५ अखेर भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं, त्याचा धक्का अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिन्यांच्या युनिटांना बसला. पण ऑर्डर बुडणं वेगळं आणि टॅरिफ भरणं वेगळं. कारागिराचं काम गेलं म्हणून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला अंगठी स्वस्त मिळाली नाही.

कारखान्यांच्या दाव्यासाठी २०१८ चं वॉशिंग मशीनचं उदाहरण बघा, कारण त्याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने मांडला आहे. त्या वर्षी आयात मशीनवर २० टक्के, आणि ठरलेल्या कोट्यापलीकडे ५० टक्के शुल्क लागलं. मशीनचे भाव सुमारे १२ टक्क्यांनी, म्हणजे नगामागे ८६ डॉलरने चढले. आयात न करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनीही भाव वाढवले, कारण आयात मालाची स्पर्धा कमी झाली होती. आणि कपडे वाळवायचा ड्रायर? त्यावर टॅरिफ नव्हतंच. पण अमेरिकेत या दोन वस्तू बहुधा जोडीने घेतात, म्हणून ड्रायरही ९२ डॉलरने महागला. नोकऱ्या आल्या, सुमारे १,८००. गिऱ्हाइकांना वर्षाला भुर्दंड पडला दीड अब्ज डॉलरचा, म्हणजे एका नोकरीमागे आठ लाख डॉलरहून जास्त. तेवढ्या पैशात त्या कामगारांना घरबसल्या अनेक पट पगार देता आला असता.

चीन नमला, या दाव्याबद्दल अमेरिकेतल्या आयोवा-इलिनॉय राज्यांच्या सोयाबीन शेतकऱ्यांना विचारावं. २०१७ मध्ये चीनने त्यांच्याकडून सुमारे १२ अब्ज डॉलरचं सोयाबीन घेतलं होतं; चीनने उलट शुल्क लावल्यावर २०१८ मध्ये ते ३ अब्जांच्या आसपास आलं. चीन ब्राझीलकडे वळला. मग दोन वर्षांत शेतकऱ्यांसाठी मिळून २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली. २०२५ मध्ये पुन्हा तेच: चीनने कित्येक महिने खरेदी थांबवली आणि डिसेंबरात १२ अब्जांचं नवं पॅकेज आलं.

राहिली घराची झळ. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प स्वतःच म्हणाले, की मुलांना तीसऐवजी दोन बाहुल्या मिळतील आणि त्या दोन डॉलर महाग पडतील. अमेरिकेत कॉफी जवळपास पिकतच नाही, तरी तिच्यावर टॅरिफ लागलं. कॉफी महागण्यामागे ब्राझीलमधला दुष्काळही होता, हे सांगायलाच हवं. पण १४ नोव्हेंबरला कॉफी, केळी, गोमांस, टोमॅटो यांवरचं शुल्क काढून घेतलं ते किराण्याच्या महागाईवर ओरड झाली म्हणूनच. कमी कमाईच्या घराच्या कमाईतला मोठा वाटा अशाच वस्तूंवर जातो. त्या घराला झळ लागली नाही असं लिहिणं मला निर्दयपणाचं वाटतं. तिथल्या मराठी घरांनीही थोडं भोगलं. लहान पार्सलची करमाफी ऑगस्टअखेर गेली, आपल्या टपाल खात्याची अमेरिकेची पार्सलं थांबली आणि १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, सुरू झाली. फराळाचे डबे तोवर इथेच.

आणि भारताने काय करावं? आपण हे करून पाहिलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. ऐन सणासुदीत तेल महागलं, ते आपल्याच स्वयंपाकघरात. ज्यांच्यासाठी हे केलं, त्या लातूरच्या शेतकऱ्याला त्या हंगामात सोयाबीनला ४,८९२ रुपयांचा हमीभावही बाजारात मिळाला नाही. मे २०२५ अखेर सरकारला मूळ शुल्क निम्म्यावर आणावं लागलं.