‘नमुने गोळा करणारा माणूस’?

नमस्कार. अब्दुलाय जिमदे यांच्यावरच्या लेखाखाली तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, मलेरियाच्या औषधरोधाचं जनुक अमेरिकेत सापडलं, पैसाही तिथलाच, मालीच्या या माणसाने नुसते रक्ताचे नमुने गोळा केले. मग एवढी आरती कशाला? आणि दुसरा, क्लोरोक्विन हे मलेरियावरचं जुनं औषध आफ्रिकेत बाद झालं, तेव्हा त्या कामाला आता काय किंमत?

जनुकाचं म्हणणं बरोबर आहे. पीएफसीआरटी नावाचं ते जनुक २००० साली फिडॉक आणि वेलेम्स यांच्या गटाने जाहीर केलं. पैशाचंही मान्य. पण प्रयोगशाळेत वाढवलेला मलेरियाचा परजीवी औषधाला दाद देत नाही, म्हणून तापाने फणफणलेल्या पोरावरही गोळी फसेलच असं नाही. ते रुग्णांमध्ये पडताळावं लागतं, आणि ते मालीत झालं. २००१च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या त्या निबंधाचे पहिले लेखक जिमदे आहेत. मूळचे औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर. सोबत मालीची राजधानी बामाकोचे ओगोबारा डुंबो आणि अमेरिकेतल्या मेरीलँडचे ख्रिस्तोफर प्लाउ हे संशोधक.

उपचाराआधीच्या नमुन्यांपैकी ४१ टक्क्यांत त्या जनुकातला ७६व्या जागेवरचा, क्लोरोक्विनच्या रोधाशी जोडलेला बदल होता. गोळ्या घेऊनही ज्यांचा संसर्ग टिकला किंवा उलटला, त्या सगळ्या, म्हणजे ६०पैकी ६० नमुन्यांत तो सापडला. मला मात्र याहून मोलाचं वाटतं ते पुढचं: बदललेला परजीवी अंगात असूनही बरेच जण क्लोरोक्विनने बरे झाले, आणि वय वाढेल तसं हे प्रमाण वाढत गेलं. वर्षानुवर्षं मलेरिया सोसून आलेली प्रतिकारशक्ती तिथे औषधाला हात देत होती. प्रयोगशाळेतल्या बशीत हे कुठून दिसणार? बशीला वय नसतं. याला तुम्ही नमुने गोळा करणं म्हणत असाल, तर आपल्याकडच्या निम्म्या वैद्यकीय संशोधनाला तेच नाव द्यावं लागेल.

आता क्लोरोक्विन. मलावीने ते १९९३मध्ये थांबवलं. नंतर तिथे ७६व्या जागेवरचा हाच बदल शोधत राहिल्यावर रोधक परजीवी ओसरत गेल्याचं कळलं, आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरोक्विन तिथल्या मुलांवर पुन्हा उत्तम चाललं. म्हणजे औषध बाद झाल्यावरही ती खूण कामी आली.

आज आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या सध्याच्या मुख्य औषधाच्या बाबतीत केल्च-१३ या जनुकातले बदल असेच शोधले जातात. २०२०मध्ये रवांडातल्या परजीवींत त्यातला एक सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा तो आग्नेय आशियातून आलेला नसून तिथेच उपजलेला आहे, हे जनुकीय तपासणीतून दिसलं. त्या निबंधाच्या पहिल्या लेखिका अलीन उविमाना, रवांडाच्याच. लेखाच्या पुढच्या भागात त्यांच्याबद्दल लिहिणार आहे. तोही वाचा, आणि पटला नाही तर असंच खरमरीत लिहा.