रेडिओमा लाल पारा शे का?

अमळनेर-पारोळ्याकडे गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. 'जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत आणि टीव्हीत लाल पारा असतो. लसणापासून तो पळतो, सोन्याकडे ओढला जातो, आरशात दिसत नाही. अणुबॉम्बला लागतो म्हणून एका नळीचे कोटी रुपये मिळतात.' व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतल्या बल्बसारख्या काचेच्या नळ्या. त्या गोळा करायचा मला जुना नाद. दोन खोकी पलंगाखाली आहेत. या हिशेबाने जळगावचा अख्खा सराफ बाजार माझ्या पलंगाखाली झोपतो.

हसून सोडून दिलं असतं, पण मागच्या महिन्यात पारोळ्याचे एक गृहस्थ आजोबांचा रेडिओ घेऊन आले. "भाऊ, यामा लाल पारा शे का?" म्हणजे, यात लाल पारा आहे का? नही शे, म्हटलं. तोवर उशीर झाला होता. एक व्हॉल्व्ह त्यांनी घरीच पकडीने फोडून पाहिला होता.

काचेच्या टोकाला आतून जो चंदेरी आरसा दिसतो, त्यालाच लोक पारा समजतात. तो पारा नव्हे, बेरियम. कारखान्यात व्हॉल्व्हमधली हवा पंपाने ओढून काच बंद करतात, तरी थोडा वायू आत राहतोच. म्हणून आत बेरियमची एक बारीक कडी ठेवलेली असते. बाहेरून उच्च वारंवारतेच्या कॉइलने ती तापवली की बेरियमची वाफ होते आणि काचेवर तिचा थर बसतो. याला गेटर म्हणतात. उरलासुरला वायू हा थर पुढे वर्षानुवर्षं शोषत राहतो. भार म्हणाल तर काही मिलिग्रॅम. काचेला तडा गेला की हवा आत शिरते आणि तो चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडतो. जुन्या बाजारात व्हॉल्व्ह उचलला की आधी मी हेच बघतो, मीटर नंतर. म्हणजे ज्या डागासाठी लोक काच फोडतात, तो 'आत काहीच नाही' याची खूण आहे. निर्वात पोकळी हाच तर व्हॉल्व्हचा जीव. आत हीटरची तार कॅथोड नावाच्या पट्टीला तापवते. पोकळी नसेल तर त्या कॅथोडवरून निघालेले इलेक्ट्रॉन समोरच्या प्लेटपर्यंत नीट पोहोचणारच नाहीत.

"पण आमची नळी लालच आहे." असेल. फिलिप्सने १९३० च्या दशकात काही व्हॉल्व्हना, उदाहरणार्थ ईएफ ९, बाहेरून धातूचा मुलामा देऊन वर लाल रंग चढवला होता. बाहेरची विजेची खरखर आत येऊ नये म्हणून ती ढाल. नखाने खरवडली तर पोपडे निघतात. नारिंगी उजेड तापलेल्या हीटरचा. ओए २ सारख्या, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या नळ्यांत वायू मुद्दाम भरलेला असतो, त्या जांभळट उजळतात.

एक गोष्ट मान्य करतो. काही व्हॉल्व्हमध्ये खरोखर पारा असतो. ८६६ हा मोठा रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा व्हॉल्व्ह घ्या: काचेत साध्या पाऱ्याचे थेंब दिसतात आणि चालू असताना तो निळसर पेटतो. पण त्याची जागा रेडिओ केंद्राच्या ट्रान्समीटरसारख्या मोठ्या यंत्रात, घरच्या रेडिओत नव्हे. आणि तो फोडला तर हाती कोटी नव्हे, विषारी वाफ येते.

लाल म्हणावं असं पाऱ्याचं संयुग आहेच, हिंगूळ. पारा आणि गंधक. आयुर्वेदातला रससिंदूरही त्याच कुळातला. त्यासाठी रेडिओ फोडावा लागत नाही.

आता मेसेजमधल्या सोनं, आरसा आणि लसूण या परीक्षा. सोन्याची गोष्ट अर्धी खरी आहे: साधा पाराच सोन्याला चिकटतो. सराफाला विचारा, पारा लागला की अंगठी पांढरी पडते. आरशाचं म्हणाल तर, थेंबावरून निघालेल्या उजेडाला आपण डोळ्याकडे चाललोय की आरशाकडे, हे कुठून कळणार? लसणापासून पळणारा पारा व्हिडिओत दाखवायला लोखंडाचा कीस मिसळलेलं तेल आणि टेबलाखाली एक चुंबक पुरे. लसूण आमच्याकडे ठेच्यात घालतात, तिथेच त्याचा गुण येतो.

अणुबॉम्बचं पिल्लू जुनं आहे. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमारास युरोपात या लाल पाऱ्याचे सौदे रंगत होते. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या प्रवक्त्याने स्पष्ट सांगितलं की असा पदार्थच नाही. तरी २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा सिंगरच्या शिलाई मशीनवर बसली आणि जुन्या मशीनना वेडे भाव आले. पात्र बदलतं, पारा तोच.

व्हॉल्व्हला किंमत आहे, पण धड व्हॉल्व्हला. जुन्या मुलार्ड किंवा टेलिफुंकन कंपनीच्या ईसीसी ८३ या व्हॉल्व्हसाठी ॲम्प्लिफायरवाले आजही चांगले पैसे मोजतात. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्हही भरपूर सापडतात आणि माझे निम्मे सेट त्यांच्यावरच गातात.

एक ताकीद मात्र देतो, कारण पारा शोधायला लोक मागचा पुठ्ठा काढून सरळ हात घालतात. ज्यांच्या व्हॉल्व्हचं नाव 'यू'ने सुरू होतं, त्या यू मालिकेच्या सेटमध्ये सहसा ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि चॅसिसवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, थेट घरच्या विजेचा करंट येऊ शकतो. प्लग काढला तरी वीज साठवणारा मोठा कंडेन्सर काही वेळ भरलेला राहतो. तो झटका मी खाल्लाय. त्या संध्याकाळी बायकोने दोन्ही खोकी अंगणात काढली होती.

पारोळ्याचा तो रेडिओ यू मालिकेचाच. पाचही हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले. एक गेला की सगळे अंधारात. फुटलाय तो यूसीएच ८१ हा व्हॉल्व्ह. बाकीचे चार मी तपासले, चांगले आहेत. कुणाकडे यूसीएच ८१ पडून असेल तर कळवा. डाग चंदेरी असेल तरच. पांढरा पडला असेल तर राहू द्या.