खिळा खुशाल ठोका

'इमारत हेरिटेज यादीत गेली की मालकाला साधा खिळा ठोकता येत नाही, तोटा सगळा त्याच्या माथी आणि शहराचा विकास ठप्प.' हा मजकूर तीन वेगवेगळ्या लोकांनी मला पाठवला. तिघेही शहाणे, म्हणून उत्तर.

खिळ्याचं आधी. इंग्लंडमध्ये संमती लागते ती इमारतीचं ऐतिहासिक किंवा वास्तुवैशिष्ट्य बदलणार असेल तेव्हा. होतं तसंच दुरुस्त करायला सहसा लागत नाही. मुंबईच्या १९९५च्या नियमावलीतही श्रेण्या आहेत. पहिलीला हात लावणं अवघड, तिसरीत आतबाहेर बदल करता येतात.

'मग गिलाव्यासाठीही विचारायचं?' हो, गिलावा बदलणार असाल तर. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडतेही. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि विटेचा दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. बाहेरून मात्र सगळं गुळगुळीत. पोकळ आवाज यायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

तोट्याची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. चुन्याचं काम जाणणारा गवंडी सहजी मिळत नाही, मिळाला तर महाग पडतो. ब्रिटनने तर २०१२ साली अशा इमारतींतल्या संमत फेरफारांवरची व्हॅटमाफी काढून घेतली. नवं घर बांधताना ती अजून आहे! पण हा राग करआकारणीवर काढा, यादीवर कशाला?

राहिला विकास. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३ साली पाडायला घेतलं, त्या हळहळीतून १९६५चा संरक्षण कायदा आला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर टॉवर चढवायला नकार मिळाला म्हणून मालक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७८ साली हरली. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: स्टेशन आहे तसं चालवता येतंय, आणि न वापरलेले बांधकाम-हक्क आसपासच्या भूखंडांवर नेता येतात. आपल्याकडे टीडीआर म्हणतात तसलाच प्रकार. २०१८ साली जेपी मॉर्गन बँकेने जवळच्याच आपल्या नव्या मुख्यालयासाठी याच स्टेशनचे हक्क विकत घ्यायचा करार केला. ते मुख्यालय आता उभं आहे, साठ मजली.