इन्व्हर्टरचा डेड टाइम शून्य करा सांगणारा तो मेसेज

भाचा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी थ्री-फेज इन्व्हर्टर (डीसीची एसी करणारा) बांधतोय. त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, डेड टाइम शून्य करून बघू का?" मेसेज म्हणतो: कुठल्याही इन्व्हर्टरमध्ये प्रेडिक्टिव्ह कंट्रोलचा (पुढचा करंट आधीच काढून स्विच निवडण्याचा) कोड टाका, ४० टक्के वीज वाचते, कंट्रोलरला पुढचं कळतं, म्हणून डेड टाइम लागत नाही, हे एआय आहे, आपोआप शिकतं, फिल्टरही लहान चालतो.

आधी डेड टाइम, कारण यात बोर्ड फुटतो आणि समोर बसलेल्याला इजा होऊ शकते. इन्व्हर्टरच्या प्रत्येक फेजच्या शाखेत, म्हणजे लेगमध्ये, वरचा आणि खालचा असे दोन आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात. चालू ठेवणारा गेट सिग्नल काढला तरी आयजीबीटी त्याच क्षणी बंद होत नाही, करंट थोडा रेंगाळतो. तेवढ्यात दुसरा चालू झाला की डीसी बस (इन्व्हर्टरला डीसी पुरवठा करणारी लाइन) थेट शॉर्ट. म्हणून मध्ये एक-दोन मायक्रोसेकंद दोन्ही बंद ठेवतात, तोच डेड टाइम. असा शॉर्ट बरेच आयजीबीटी जेमतेम १० मायक्रोसेकंद सोसतात. आता कंट्रोलर बघा. तो दर २५ मायक्रोसेकंदांनी सॅम्पल घेत असेल, तर पुढच्या सॅम्पलला लोडचा करंट किती असेल एवढंच तो काढतो. लेगमध्ये मधल्या काळात काय झालं ते त्याला दिसतच नाही. पुढचं सॅम्पल येईपर्यंत आयजीबीटी गेलेला असतो! अंदाज लोडच्या करंटचा आहे, आयजीबीटी कधी बंद होईल याचा नाही. डेड टाइमला हात लावायचा नाही.

४० टक्के? इन्व्हर्टर ९६ टक्के कार्यक्षम असेल तर त्यात वाया जातात ४ टक्के. ४ मधून ४० कसे वाचवणार?

स्विचिंग लॉस (स्विच चालू-बंद होताना वाया जाणारी वीज) कमी होऊ शकतो, एवढं मात्र मान्य करावं लागेल. चिलीच्या होसे रॉड्रिगेझ आणि सहकाऱ्यांचा प्रेडिक्टिव्ह कंट्रोलवरचा २००७ चा आयईईई (इंजिनिअरांची जागतिक संस्था) जर्नलमधला पेपर वाचा. साध्या दोन-लेव्हल इन्व्हर्टरच्या स्विचिंग स्थिती ८, त्यातून वेगळे व्होल्टेज व्हेक्टर (तिन्ही फेजच्या व्होल्टेजची एकत्रित अवस्था) ७. प्रत्येकाने पुढचा करंट किती होईल ते काढायचं आणि हव्या करंटच्या सर्वांत जवळ नेणारा निवडायचा. शून्य व्हेक्टर दोन प्रकारे मिळतो. कमी स्विच हलवावे लागतील तो घ्यायचा. कॉस्ट फंक्शनमध्ये (निवडीसाठी गुण देणाऱ्या सूत्रात) स्विचिंगच्या संख्येलाही वजन देता येतं, पण ते वाढवलं की करंटचा रिपल (चढउतार) वाढतो. समजा ४ टक्क्यांतले २ स्विचिंगचे आणि त्यांतला तिसरा हिस्सा वाचला, तर ९६ चे झाले साधारण ९६.७. मोठ्या ड्राइव्हमध्ये हेही मोलाचं आहे. कंडक्शन लॉस (स्विच चालू असताना करंट वाहण्यात वाया जाणारी वीज) मात्र बहुतांशी तसाच राहतो.

शिकण्याचं म्हणाल तर ही मूळ पद्धत काही शिकत नाही. लोडचा इंडक्टन्स, रेझिस्टन्स आपण भरतो. लोखंडी कोअर सॅच्युरेट होऊन (चुंबकीय मर्यादा गाठून) इंडक्टन्स घसरला की अंदाजही चुकतो. फिल्टरचं तर उलटंच आहे: स्विचिंग फ्रिक्वेन्सी स्थिर नसल्याने हार्मोनिक्स (नको असलेल्या जास्त फ्रिक्वेन्सी) पसरतात आणि फिल्टर बसवणं अवघड होतं.

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एकच गोष्ट दाखवावी: तोच इन्व्हर्टर, तोच लोड, करंटची टीएचडी (हार्मोनिक्समुळे आलेली एकूण विकृती) तेवढीच, आणि जुन्या-नव्या कोडवर पॉवर अ‍ॅनालायझरने मोजलेली इनपुट आणि आउटपुट पॉवर.