जुनी पेन्शन, स्टँडबाय तिकीट आणि मागून येणारे

आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर पेन्शनचा विषय निघाला की दोन तट पडतात. साताऱ्याचा दादा जिल्हा परिषदेत शिक्षक, २००८ ला लागला, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरचा, म्हणजे शेवटच्या पगारावर ठरणारी जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत आठवडाभर रस्त्यावर होता. हिंजवडीवाला धाकटा म्हणतो, आमच्या टॅक्सवर तुमचं म्हातारपण का म्हणून, आम्हाला कोण देतंय? आणि शेवटी दोघंही मला मधे ओढतात, तू सांग रे, तुमच्या लंडनला काय आहे.

आमचं लंडन म्हणजे हीथ्रो विमानतळाशेजारचं हाउन्स्लो. डोक्यावरून सारखी विमानं, आणि गल्लीत घरटी एक माणूस एअरपोर्टवर. मीही एका एअरलाइनमध्येच आहे, नाव लिहीत नाही, नोकरी करायचीय अजून. इथे लोकांचा पेन्शनइतकाच जीव स्टाफ ट्रॅव्हलवर, म्हणजे कर्मचाऱ्यांना आणि घरच्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या स्टँडबाय तिकिटावर असतो. तिकडे वाटतं फुकट फिरतात लेकाचे. फुकट नाहीये, भाड्यात ९० टक्के सूट, टॅक्स वेगळे, आणि सीट मिळाली तर मिळाली. मागे आई मुंबईला परत जायची होती तेव्हा आम्ही तीन दिवस रोज बॅगा घेऊन टर्मिनलवर गेलो. रात्री लोड, म्हणजे विमान किती भरलंय ते बघायचं, ६ सीटा मोकळ्या, हुश्श, सकाळी त्यातल्या दोन उरायच्या आणि लिस्टवर आपण पाचवे. तिसऱ्या दिवशी आईने तिथेच बाकावर डबा उघडला, थालीपीठ खाल्लं, म्हणाली एसटी बरी रे, उभ्याने तरी नेतात. ती गेली चौथ्या दिवशी.

त्या लिस्टमध्ये तुमचा नंबर ठरतो नोकरीला लागलेल्या तारखेवरून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ब्रिटिश एअरवेजचं २०१० चं भांडण इथे अजून निघतं. लांबच्या फ्लाइटवरची केबिन क्रू १५ वरून १४ केली, त्यावरून युनाइट युनियनचा संप, सगळे मिळून २२ दिवस. कंपनीचे प्रमुख विली वॉल्श, हा माणूस स्वतः पायलट, आधीच्या कंपनीत पायलट युनियनतर्फे वाटाघाटी करायचा, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत असलेला. त्यांनी संपकऱ्यांचा पगार तर कापलाच, वर स्टाफ ट्रॅव्हलही काढून घेतलं. कंपनीचं म्हणणं, हे कराराचा भाग नाहीच, आमची मर्जी. पुढे देतो म्हणाले पण सीनियॉरिटी शून्य, म्हणजे वीस वर्षं उडालेली बाई काल लागलेल्या पोरीच्या मागे. झालं, क्रूचा मूळ मुद्दा राहिला बाजूला आणि वर्षभर भांडण तिकिटावर अडलं, मे २०११ मध्ये तडजोड झाली तेव्हा कुठे परत मिळालं. पगार कापला की माणूस चिडतो, पण घरी जायचं तिकीट काढलं की बायकापोरं चिडतात, हे कंपनीला बरोबर कळलं होतं.

पण माझ्या मते युनियनची खरी हार तिथे नाही झाली, त्याच्या बरीच आधी झाली आणि कोणी संपही केला नाही. ब्रिटिश एअरवेजची एक जुनी पेन्शन योजना १९८४ ला नव्या लोकांसाठी बंद झाली. मग तिच्यानंतरची 'नवी' योजना, २००३ ला तीही नव्यांसाठी बंद. त्यानंतर लागलेल्यांना आपल्याकडच्या नव्या पेन्शनसारखं, एनपीएससारखं, पैसे भरा, बाजार देईल ते घ्या. आत असलेल्यांना वाटलं आपलं वाचलं. पंधरा वर्षांत ते अल्पमतात गेले, फंडात खड्डा होताच, २०१५ च्या हिशोबात २.८ अब्ज पौंडांच्या आसपास, आणि मार्च २०१८ अखेर त्यांचीही पुढची भर थांबली, तोवर साठलं तेवढं राहिलं. तेव्हा त्यांच्यासाठी कोण भांडणार होतं? ज्यांना ती पेन्शन कधी मिळालीच नाही ती पोरं? क्रूचं तेच. २०१० पासून नवी भरती मिक्स्ड फ्लीट नावाने वेगळ्या, कमी पगारावर, मूळ पगार साधारण १२ हजार पौंड वर्षाला आणि उडाल्याचे तासाला ३ पौंड. २०१७ मध्ये ती पोरं संपावर गेली तर त्यांचंही स्टाफ ट्रॅव्हल काढलं, तेव्हा जुने क्रू विमानात होते, कामावर.

आता आपल्याकडचं बघा. माझ्या आत्याचे यजमान एअर इंडियाच्या इंजिनिअरिंगमधून रिटायर झालेले. टाटांनी ऑक्टोबर २०२१ ला १८,००० कोटींची बोली जिंकली आणि २७ जानेवारी २०२२ ला कंपनी ताब्यात घेतली, त्या चार महिन्यांत आत्याच्या घरी दुसरा विषय नव्हता. कलिन्याच्या कॉलनीतल्या लोकांना सहा महिन्यांत घरं सोडायच्या नोटिसा, युनियनचा संपाचा इशारा, आणि पेपरखालच्या कमेंटांत सगळे "फुकटे" म्हणून तुटून पडलेले. काका मात्र शांत. मी फोन केला तर म्हणाले, अरे पीएफ माझा, ग्रॅच्युइटी माझी, कायदा आहे त्याला. पॅसेज कधी माझा नव्हताच, तो साहेबाचा होता, मी फक्त वापरला. (तिकडे स्टाफ तिकिटाला पॅसेज म्हणतात.) मला हे तेव्हा फार पटलं होतं, आता अर्धंच पटतं. कारण भरती करताना पगार कमी का विचारलं की हीच तिकिटं पुढे करतात, मग तो पगारच झाला ना, फक्त कागदावर न लिहिलेला.

म्हणून धाकट्याला माझं सांगणं, तुझी चीड बरोबर आहे, दिशा चुकली. २०१४ नंतर १५ हजारांच्या वर पगाराने लागलेल्याला ईपीएफची पेन्शनही नाही, हे तुझ्यावर दादाने नाही लादलं. आणि दादाला, राग नको येऊ दे, २००५ ला ती रेषा आखली गेली तेव्हा तुमचे सीनियर काय करत होते हे एकदा विचार त्यांना. आपल्याला लागू नाही ना, मग झालं, असंच ना? इथेही तसंच झालं.

हे सगळं आज लिहितोय कारण आमच्याकडेही मतदान आहे, गुरुवारी. कंपनीने प्रस्ताव ठेवलाय, जुन्यांचं सगळं तसंच, नंबर तोच, आईवडिलांचं तिकीट तेच. फक्त एप्रिलनंतर जे लागतील त्यांना आईवडिलांचं तिकीट नाही आणि पेन्शनमधला कंपनीचा वाटा कमी. बदल्यात आम्हाला पगारवाढ, वाईट नाहीये. कॅन्टीनमध्ये बहुतेकांचं मत हो म्हणून टाकायचं. मी नाही म्हणणारे. बायको म्हणाली तुमचं तत्त्व ठीक आहे, पण उद्या चिडून त्यांनी सगळ्यांचंच काढलं तर आई दिवाळीला कशी येणार? मी म्हटलं पूर्ण भाड्याने. तिने लगेच दिवाळीचं भाडं बघितलं आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. अजून तसाच टेबलावर पडलाय.