मोझार्टला शोधायचं तर बिलियर्ड्सच्या टेबलापाशी

जुने संगीतकार आज असते तर फावल्या वेळात कुठे सापडले असते, हा रिकामटेकड्यांचा लाडका खेळ आहे आणि मी तो मनापासून खेळते. पण मोझार्टचं नाव निघालं की बहुतेक लोक त्याला व्हिएन्नाच्या ऑपेरा हाउसमध्ये नेऊन बसवतात. लाल मखमली खुर्ची, मिटलेले डोळे, चेहऱ्यावर दिव्य भाव वगैरे. मला हे बिलकुल पटत नाही. एक तर ते ऑपेरा हाउस सुरू झालं १८६९ मध्ये, मोझार्ट जाऊन ७७ वर्षं झाल्यावर. त्या वास्तूशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि दुसरं म्हणजे हा प्राणी गप्प बसणाऱ्यांतला नव्हताच.

त्याचं ऑक्टोबर १७९१ मधलं एक पत्र आहे. त्याचा 'द मॅजिक फ्लूट' हा ऑपेरा नुकताच, ३० सप्टेंबरला, नट आणि थिएटरचालक शिकानेडरकडे रंगमंचावर आलेला. बायको कॉन्स्टान्झे तब्येतीसाठी बाडेनला, गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलेली. घरात एकटा राहिलेला मोझार्ट तिला कळवतो की, तू निघालीस तसे मी मोझार्टसाहेबांबरोबर बिलियर्ड्सचे दोन डाव टाकले. शिकानेडरच्या थिएटरसाठी ऑपेरा लिहिणारे मोझार्ट, तेच ते! म्हणजे स्वतःच स्वतःशी खेळला. मग घोडा विकला, १४ डुकाटना. मग काळी कॉफी मागवली आणि मजेत पाइप ओढला. आणि त्यानंतर क्लॅरिनेटवादक श्टाडलरसाठीच्या रोंडोचं जवळजवळ सगळं वाद्यलेखन उरकलं.

हा रोंडो म्हणजे क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदासाठीच्या कन्चेर्टोचा शेवटचा भाग. ज्याच्यावर लोक आजही जीव ओवाळून टाकतात ती रचना या पत्रात घोड्याचा सौदा, कॉफी आणि तंबाखू यांच्या रांगेत, त्याच सुरात येऊन जाते. आधी विरंगुळा, मग साधना अशी पाटी बदललेली कुठे दिसत नाही. पुढे दोन महिन्यांत तो गेला, म्हणून आपण ते दिवस काळ्या चौकटीत बघतो. पत्र लिहिणारा मात्र चांगलाच खुशीत आहे.

बिलियर्ड्स हे त्याचं एका दिवसाचं खूळ नव्हतं. टेबल घरातच होतं, मृत्यूनंतर केलेल्या चीजवस्तूंच्या यादीतही ते आहे. त्याच्या 'फिगारो' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात गायलेला आयरिश गायक मायकल केली आठवणींत लिहितो की, मी त्याच्याशी कितीतरी वेळा खेळलो आणि दर वेळी हरलो. त्यामुळे माझा पहिला अंदाज पक्का आहे: व्हिएन्नातला कॅफे श्पेर्ल. हा कॅफे १८८० चा, म्हणजे मोझार्टला तोही नवाच, पण तिथे बिलियर्ड्सची टेबलं आहेत, कॉफी आहे आणि गलका आहे. पाइप मात्र बाहेर जाऊन ओढावा लागेल. त्यावर तो घरी जे पत्र लिहील ते इथे छापण्यासारखं नसेल.

दुसरा अंदाज बोलिंगचा. दोन हॉर्नसाठी लिहिलेल्या छोट्या तुकड्यांच्या हस्तलिखितावर (त्याच्या रचनांच्या सूचीत के. ४८७) त्याने स्वतः नोंद केली आहे: व्हिएन्ना, २७ जुलै १७८६, स्किटल्स खेळता खेळता. चेंडूने लाकडी सोंगट्या पाडायचा हा खेळ. आपला नंबर येईपर्यंत माणसं काय करतात? आपण मोबाइल काढतो. यांनी हॉर्नची युगलवादनं लिहिली. आता हेही मान्य करायला हवं की, त्याच्या हातात मोबाइल असता तर कदाचित ती लिहिलीच गेली नसती.

नाचाबद्दल फार लिहीत नाही, पण केलीच्या म्हणण्याप्रमाणे कॉन्स्टान्झेने त्याला सांगितलं होतं की मोझार्टला नाचाचं भारी वेड आहे. कार्निव्हलमध्ये तर विचारूच नका. १७८३ मध्ये वडिलांकडून हार्लेक्विन या विदूषकाचा पोशाख मागवून घेतला आणि रेडूट सभागृहातल्या नाचाच्या बॉलमध्ये मूकनाट्य करून दाखवलं, संगीतही स्वतःचंच. व्हिएन्नात आज चौकाचौकांत विग आणि लाल कोट घातलेली पोरं पर्यटकांना मैफलींची तिकिटं विकत असतात. त्यांना बघून आपले अभिजात संगीतवाले नाकं मुरडतात. माझी खात्री आहे, मोझार्ट स्वतः एक विग चढवून त्यांच्यात उभा राहिला असता आणि तिकिटंही त्यानेच जास्त खपवली असती.

आपल्या संगीताच्या 'विटंबने'वर तो चिडला असता असं ज्यांना वाटतं त्यांनी जानेवारी १७८७ मधलं प्रागहून लिहिलेलं पत्र वाचावं. तिथल्या एका बॉलमध्ये 'फिगारो'च्या चाली नाचाच्या ठेक्यात बसवून वाजवत होते आणि लोक त्यावर उड्या मारत होते. मोझार्ट दमलेला होता, त्यामुळे नाचला नाही, पण ते बघून त्याला मनापासून आनंद झाला. आज कुठल्या क्लबमध्ये डीजेने त्याच्या चाळीसाव्या सिम्फनीखाली ढोलाचा ठोका घातला तर तो कपाळावर आठ्या घालेल, की जाऊन विचारेल की हे बटण कशाचं? मी दुसऱ्यावर पैज लावते.

पैजेवरून आठवलं. मित्र पुखबेर्गकडे उसने पैसे मागणारी त्याची पत्रं वाचवत नाहीत. पैसा जुगारात जात असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो खरा असो वा नसो, या माणसाच्या फोनमध्ये बेटिंगचं ॲप जाऊ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेटहोफेनला रानवाटा द्या, तो खूश. मोझार्टला माणसं लागतात. ऑपेरात नेलंतच, तर प्रेक्षकांत बसवू नका. त्याच ऑक्टोबरात 'मॅजिक फ्लूट' चालू असताना तो पडद्यामागे गेला आणि त्यातल्या पापागेनो या पात्राच्या घंट्या स्वतः वाजवायला लागला. पापागेनो झालेला शिकानेडर गाताना थांबला तिथे याने मुद्दाम सूर छेडला. शिकानेडर दचकला, पुढच्या वेळी थांबला तर हा गप्प. शेवटी शिकानेडरने हातातल्या खोट्या घंट्यांवर फटका मारून 'गप रे' म्हटलं आणि थिएटर हसलं. ही घंटा नट वाजवत नाही हे बऱ्याच लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, असंही मोझार्ट बायकोला कळवतो, मोठ्या समाधानाने.

तुमचा अंदाज काय? 'स्वर्गात' वगैरे उत्तरं बाद.