पार्थिव, फर्निचर आणि पाळीव प्राणी

आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये परवा सर्क्युलर चिकटलं : 'पार्थिव, फर्निचर व पाळीव प्राणी यांची ने-आण फक्त सर्व्हिस लिफ्टने करावी.' सोळाव्या मजल्यावरच्या आजोबांना मुख्य लिफ्टनं खाली नेलं, ते कुणाला तरी खटकलं म्हणे. निदान क्रम तरी बघा. पार्थिव पहिलं, हा काय तो मान.

मी ऑफिसात गेलो. सेक्रेटरी चाळिशीचा, नम्र, आणि अंगात विनोदाचा थेंब नसलेला.

"सर्व्हिस लिफ्ट आधीच बुक करता येते का हो?"

"येते ना काका. शिफ्टिंग आहे?"

"तसंच काहीसं."

"सामान किती?"

"एकच नग. सत्तर किलो."

"तारीख?"

"तेवढी अजून कळवलेली नाही."

"अंदाजे सांगा. दुसऱ्या कुणाला दिली की मग तुमचीच पंचाईत."

"समजा, आज रात्री."

"रात्री नाही जमणार. शिफ्टिंग दहा ते पाच. रविवारी बंद."

तेव्हा मी सरळ सांगितलं, की नग म्हणजे मी. गडी हसला नाही, दचकलाही नाही. ड्रॉवर उघडून त्यानं एक कागद काढला.

"मग मूव्ह-आऊट फॉर्म लागेल. मालक की भाडेकरू?"

"मालक."

"डिपॉझिट भरावं लागेल. लिफ्टला ओरखडा गेला नाही, तर परत."

"परत कुणाला?"

इथे मात्र तो अडला. पेनानं कानामागे खाजवलं, छताकडे पाहिलं, आणि कोडं सुटल्यासारखा म्हणाला, "नॉमिनीला!"

फॉर्म घेऊन घरी आलो आणि ठरवलं, आपलं आपणच नीट लिहून ठेवायचं. पहिली सूचना डोळ्यांची. मला नेत्रदान करायचंय. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, आणि त्यासाठी नेत्रपेढीची माणसं घरी येतात. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा. एवढं मोठ्यानं वाचेपर्यंत बायकोनं उठून पंखा बंद केला. "अहो, सवय नको का?"

अडचण गेटवर आहे. आमच्याकडे पाहुण्याला ओटीपीशिवाय सोडत नाहीत, आणि ओटीपी येतो फ्लॅटमालकाच्या मोबाईलवर. म्हणजे माझ्या. नेत्रपेढीवाले खाली उभे, भटजी खाली उभे, तिरडीचे बांबू घेतलेला माणूस 'डिलिव्हरी' म्हणून वेगळ्या रांगेत, आणि वर माझा फोन उशाशी टिंगटिंग वाजतोय. मुलाला म्हटलं, तुझा नंबर घाल. तो म्हणाला, "बाबा, मी मीटिंगमध्ये असलो तर?" या घरात मरायचं तेही दुसऱ्यांची सोय बघून.

चाळीत काय वेगळं होतं, असं तुम्ही म्हणाल. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांतला मी नाही. आमच्या गिरगावातल्या जिन्याच्या वळणावर तिरडी उभी करावी लागे, आणि गेलेला माणूस क्षणभर सगळ्यांकडे रागानं बघतोय असं वाटे. पण प्रत्येक चाळीत तिरडी बांधणारा एक वाकबगार असायचा. आमच्याकडचे काका कामावर उशिरा जात, मयताला कधी नाही. सुतळी कमी पडली की ते मयताच्या भावालाही शिव्या घालत. आणि कुठून न्यायचं, हे कुणाला विचारावं लागत नसे.

खरं सांगतो, मला लिफ्टचं एवढं काही नाही. पण त्या सर्व्हिस लिफ्टमधून रोज सकाळी ओल्या कचऱ्याचे ड्रम उतरतात. वास तसाच आत राहतो. टॉवर झाल्यापासूनचा मेन्टेनन्स मी एकदाही न थकवता भरला, त्यात मुख्य लिफ्टच्या आरशाचे आणि त्या भिकार संगीताचेही पैसे होते. चितेला लागणारं ३०० किलो लाकूड महापालिका फुकट देते. ज्या महापालिकेला आपण वर्षभर नावं ठेवतो, ती शेवटी वजन करून का होईना, आदरानं देते. आणि ज्यांच्या पोरांना मी गणपतीत मोदक वाटले, ते मला ड्रमच्या पाळीत घालणार. बिल्डरच्या माहितीपत्रकात जिम होती, योगा डेक होता, कुत्र्यांसाठी कोपरासुद्धा होता. माणूस इथे मरेल, हे कुणाच्याच नकाशात नव्हतं.

असो. फॉर्म भरला. 'घर सोडण्याचे कारण' इथे 'वय' लिहिलं. 'टेम्पोचा क्रमांक' या रकान्यात 'शववाहिनी, नंतर कळवू'. 'नवीन पत्ता' मध्ये 'चंदनवाडी स्मशानभूमी, मरीन लाइन्स'. नेऊन दिला. सेक्रेटरीनं चष्मा चढवून वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"काका, पिन कोड राहिला."